प्रकल्प नोंदी: देशांचे उत्पन्न आणि शिक्षणावरचा खर्च

९ जून २०२४, बेळगाव

सीमाभागातील मराठी शाळांसाठी एक भित्तितक्ता, आणि त्यासोबत शिक्षक व एसडीएमसी (शाळा विकास व देखरेख समिती) सदस्यांनी वाचावी अशी छोटी पुस्तिका, हे काम आजपासून हाती घेतले. विषय एकच आहे: कोणता देश आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाचा किती भाग शिक्षणावर खर्च करतो आणि त्या आकड्याचा अर्थ कसा लावायचा. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत शाळांच्या प्रश्नावर बैठक झाली की ‘सरकारने शिक्षणाला सहा टक्के द्यायला हवेत’ असे कोणीतरी म्हणतेच. ती मागणी रास्तच आहे. पण कशाचे सहा टक्के, कोणत्या सरकारचे, आणि त्यातून वर्गात बसलेल्या एका मुलाच्या वाट्याला काय येते, हे विचारले की चर्चा तिथेच थांबते. ती पुढे जावी, एवढ्यासाठी हा तक्ता.

गटात एक निवृत्त मुख्याध्यापक, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, बी.एड. करणारी एक विद्यार्थिनी आणि मी असे चौघे आहोत. आकडे युनेस्कोची सांख्यिकी संस्था, जागतिक बँक, ओईसीडी (मुख्यतः श्रीमंत देशांची आर्थिक संघटना) आणि भारत सरकारची कागदपत्रे यांतूनच घ्यायचे, आणि प्रत्येक आकड्यापुढे वर्ष लिहायचेच, असे ठरले. ‘राष्ट्रीय संपत्ती’ मोजण्याचा विचारही झाला. परंतु देशाची साठलेली संपत्ती फार थोड्या देशांत नीट मोजली जाते, आणि शाळेचा खर्च वर्षाच्या कमाईतूनच होतो. म्हणून छेदस्थानी वार्षिक उत्पन्न ठेवले आहे.

१२ जून

पुस्तिकेची सुरुवात कोठून करावी यावर मुख्याध्यापक सरांनी नामदार गोखल्यांचे नाव सुचवले, आणि ते सर्वांना पटले. १८ मार्च १९१० रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याविषयीचा ठराव मांडला, तेव्हा त्यांनी देशोदेशींचा दरडोई शिक्षणखर्चच सभागृहापुढे ठेवला होता (बारा पेन्सचा एक शिलिंग): अमेरिकेत १६ शिलिंग, इंग्लंड व वेल्समध्ये १० शिलिंग, जपानमध्ये १ शिलिंग २ पेन्स, रशियात साडेसात पेन्स, आणि हिंदुस्थानात जेमतेम एक पेनी. पुढे १९११ साली त्यांनी आणलेले विधेयक १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. इथून जवळच्या कोल्हापूर संस्थानात मात्र शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला.

गोखल्यांची तुलना माणशी खर्चाची होती, उत्पन्नाशी लावलेली नव्हती. त्या काळी राष्ट्रीय उत्पन्नाचे भरवशाचे अंदाजच नव्हते. गरीब देश आपल्या कमाईच्या मानाने किती जोर लावतो हे त्यांच्या यादीतून कळत नाही, पण मुलापर्यंत किती पोचते याचा अंदाज येतो. आजचे टक्केवारीचे कोष्टक नेमके उलटे आहे: त्यातून जोर कळतो, पोचलेले कळत नाही. आपल्या तक्त्यात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी दिसल्या पाहिजेत, असे माझे मत मी आजच नोंदवून ठेवतो. पुढचे सगळे काम त्याच दिशेने व्हावे असे मला वाटते.

१८ जून

सहा टक्क्यांचा उगम तपासला. १९६४ मध्ये दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला आणि जून १९६६ मध्ये त्याने अहवाल दिला. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे होते आणि गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. ज्या आकड्याभोवती देशाची सहा दशकांची चर्चा फिरते, तो ठरवणारा माणूस आपल्याच मुलखातला होता, हे इथल्या मुलांना तक्त्यातून कळावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आयोगाचा हिशेब असा होता की १९६५-६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.९ टक्के असलेला शिक्षणखर्च १९८५-८६ पर्यंत ६ टक्क्यांवर न्यावा, म्हणजे स्थिर किमतींनी माणशी १२ रुपयांवरून ५४ रुपयांवर. दरडोई रक्कम आणि टक्केवारी अशी दोन्ही उद्दिष्टे अहवालात एकत्र होती. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणात राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के एवढेच उरले, आणि २०२० च्या धोरणात ते सकल देशांतर्गत उत्पादनाचे, म्हणजे जीडीपीचे, सहा टक्के झाले. माणशी रकमेचे उद्दिष्ट मधल्या काळात विस्मरणात गेले. माझ्या मते टक्केवारी टिकून राहण्यापेक्षा ते टिकणे अधिक गरजेचे होते, कारण रक्कम महागाईशी ताडून तपासता येते आणि ती कमी पडली तर लपवता येत नाही.

२३ जून

भारताच्या ओळीत कोणता आकडा लिहायचा, या एकाच प्रश्नावर आजची पूर्ण बैठक गेली. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगते की २०१७-१८ मध्ये केंद्र व राज्ये मिळून शिक्षणावरचा सार्वजनिक खर्च जीडीपीच्या ४.४३ टक्के होता. केंद्र सरकारचेच आर्थिक सर्वेक्षण त्याच काळासाठी २.८ टक्क्यांच्या आसपासचा आकडा देते आणि पुढील काही वर्षांसाठी २.९. दोन्ही कागद सरकारचे, देश एक, काळ एक, आणि फरक दीड टक्क्याहून अधिक.

फरकाचे मूळ अंशात, म्हणजे शिक्षणखर्च म्हणून काय काय धरले यात आहे. शिक्षण मंत्रालयाच्या अर्थसंकल्पीय खर्चाच्या विश्लेषणात शिक्षण खात्याबरोबरच इतर खात्यांनी शिक्षण व प्रशिक्षणावर केलेला खर्चही धरला जातो. आर्थिक सर्वेक्षणाची व्याप्ती त्यापेक्षा अरुंद आहे. अर्थसंकल्पात सामान्य शिक्षणाचे लेखाशीर्ष २२०२ आणि तंत्रशिक्षणाचे २२०३ आहे, पण अंगणवाडीचा खर्च महिला व बालविकासाकडे जातो, शेतकी महाविद्यालयाचा कृषी खात्याकडे, वैद्यकीय महाविद्यालयाचा आरोग्याकडे. तीन-चार वर्षांचे मूल अंगणवाडीत शिकते तेव्हा ते शिक्षणाच्या आकड्यात आहे की नाही, हे मोजणाऱ्याने कोणती रेषा ओढली त्यावर ठरते.

दुधाचा प्रश्न विद्यार्थिनीने काढला. कर्नाटकात माध्यान्ह भोजन अक्षर दासोह या नावाने चालते आणि २०१३ पासून क्षीरभाग्य योजनेत मुलांना दूध मिळते. ते शिक्षणखर्चात धरायचे का? आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचे उत्तर स्पष्ट आहे: मुख्यतः विद्यार्थ्यांसाठी असलेली भोजन, वाहतूक, निवास यांसारखी पूरक सेवा शिक्षणाच्याच गटात मोडते. मला हे योग्य वाटते. खानापूर तालुक्यातील दूरच्या वाडीवरून चालत आलेले मूल दुपारी जेवते म्हणूनच दुपारनंतरच्या तासाला वर्गात असते.

शेवटी भारतासाठी दोन ओळी करायचे ठरले, एक रुंद व्याख्येची, एक अरुंद. देशांच्या तुलनेसाठी रुंद व्याख्या वापरायची, कारण युनेस्कोच्या सारणीत भारताचा आकडा अलीकडच्या वर्षांत चार-साडेचार टक्क्यांच्या आसपास दिसतो. केंद्राकडून समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या योजनेत राज्याला येणारा साठ टक्के वाटा राज्याच्या अर्थसंकल्पातूनही खर्ची पडतो, त्यामुळे केंद्र आणि राज्ये यांची बेरीज करताना तो दोनदा मोजला जाणार नाही याची खबरदारी घ्यावी लागते.

२६ जून

अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन वेगळे आकडे आहेत. तक्त्यात शक्य तिथे प्रत्यक्ष खर्चच घ्यायचा. बांगलादेशाचे आर्थिक वर्ष जुलैपासून, आपले एप्रिलपासून, अनेक देशांचे जानेवारीपासून; एवढा फरक चालवून घ्यायचा.

२ जुलै

आज छेदाकडे वळलो. जीडीपी म्हणजे देशाच्या हद्दीत झालेले उत्पादन. ते त्या देशातील लोकांच्या हाती आलेच असेल असे नाही. आयर्लंड हे याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा तेथे हलवल्यामुळे २०१५ मध्ये त्या देशाचा जीडीपी कागदावर एका वर्षात सुमारे २६ टक्क्यांनी वाढला, आणि शेवटी तेथील सांख्यिकी कार्यालयाला सुधारित राष्ट्रीय उत्पन्नाचे वेगळे माप काढावे लागले. आयर्लंडचा शिक्षणखर्च जीडीपीच्या मानाने फार कमी दिसतो; सुधारित उत्पन्नाने भागले की तोच आकडा दीडपटीहून अधिक होतो.

लक्झेंबर्गची गोष्ट आपल्या भागातल्या माणसाला लगेच कळेल. तेथील नोकरदारांपैकी जवळपास निम्मे रोज फ्रान्स, बेल्जियम किंवा जर्मनीतून सीमा ओलांडून कामाला येतात. त्यांनी केलेले उत्पादन लक्झेंबर्गच्या जीडीपीत जमा होते, पण त्यांची मुले आपापल्या गावी, पलीकडच्या देशाच्या खर्चाने शिकतात. परिणामी ओईसीडीच्या यादीत टक्केवारीने लक्झेंबर्ग तळाच्या गटात असतो आणि विद्यार्थ्यामागे होणाऱ्या खर्चात सर्वांत वर. खानापूरकडची कितीतरी माणसे गोव्यात कामाला आहेत. त्यांचे श्रम गोव्याच्या उत्पन्नात मोजले जातात आणि मुले मात्र इथल्या शाळेच्या पटावर असतात. त्याचप्रमाणे चंदगडकडून बेळगावात रोज येणाऱ्यांचे काम कर्नाटकाच्या खात्यावर आणि त्यांच्या मुलांची शाळा महाराष्ट्राच्या खात्यावर पडते.

तिसरे उदाहरण नायजेरियाचे. एप्रिल २०१४ मध्ये त्या देशाने जीडीपी मोजण्याचे आधारवर्ष १९९० ऐवजी २०१० धरले आणि आकडा एका दिवसात ८९ टक्क्यांनी फुगला. घानाने २०१० मध्ये असेच केले तेव्हा त्याचा जीडीपी सुमारे साठ टक्क्यांनी वाढला होता. अशा देशांत आधी जीडीपीच्या चार टक्के वाटणारा कोणताही खर्च दुसऱ्या दिवशी दोन-अडीच टक्क्यांवर येतो, शाळेत एक खडूही कमी झालेला नसताना. जुन्या आणि नव्या मालिकांचे आकडे एका ओळीत लावून ‘खर्च घटला’ असे म्हणणारे लेख आजही वाचायला मिळतात; आपल्या पुस्तिकेत हा इशारा ठळक टंकात द्यायचा आहे.

७ जुलै

आजची नोंद सविस्तर लिहितो, कारण तक्त्याचा कणा आज ठरला.

शिक्षणखर्चाची जीडीपीशी असलेली टक्केवारी दोन भागांत फोडता येते. लोकसंख्येत शंभरांमागे किती जण शिकत आहेत हा पहिला भाग, आणि एका विद्यार्थ्यामागचा खर्च दरडोई उत्पन्नाच्या किती टक्के आहे हा दुसरा. दोहोंचा गुणाकार म्हणजे ती टक्केवारी. यात कोणताही अंदाज नाही, निव्वळ अंकगणित आहे, आणि आठवीच्या वर्गात ते फळ्यावर करून दाखवता येते. दोन देश प्रत्येकी जीडीपीच्या चार टक्के खर्च करतात असे समजा. पहिल्यात शंभरांपैकी बत्तीस जण शिकतात, दुसऱ्यात सोळा. पहिल्या देशात विद्यार्थ्यामागे दरडोई उत्पन्नाच्या साडेबारा टक्के येतात, दुसऱ्यात पंचवीस. टक्केवारी सारखी, जोर सारखा, पण दुसऱ्या देशातले मूल आपल्या देशाच्या मानाने दुप्पट खर्चाच्या शाळेत बसलेले असते.

हा फरक कल्पनेतला नाही. जपानमध्ये पंधरा वर्षांखालील मुलांचे प्रमाण सुमारे बारा टक्के आहे, भारतात सुमारे एक चतुर्थांश, आणि नायजरमध्ये जवळजवळ निम्मे. जपानचा सरकारी शिक्षणखर्च जीडीपीच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. तो भारताच्या रुंद व्याख्येच्या आकड्यापेक्षा कमी दिसतो, आणि म्हणून भारत जपानपेक्षा शिक्षणाची अधिक काळजी घेतो असे कोणी म्हणू लागला तर त्याला पटावरची मुले मोजायला सांगावे. श्रीलंकेचा आकडाही अनेक वर्षे दोन टक्क्यांच्या आसपास राहिला असून साक्षरता नव्वद टक्क्यांच्या वर आहे; तेथील तेव्हाचे शिक्षणमंत्री कन्नंगरा यांच्या पुढाकाराने १९४५ पासून राबवलेल्या मोफत शिक्षणाची ती पुण्याई आहे, आणि कुटुंबातील मुलांची संख्या लवकर कमी झाली हेही त्याचे एक कारण आहे.

यानंतर बँकेतले काका भारताचा हिशेब मांडू लागले. २०२१-२२ मध्ये यू-डायसप्रमाणे (देशभरच्या शाळांची सरकारी माहितीनोंद) पूर्वप्राथमिक ते बारावीपर्यंत २६.५२ कोटी विद्यार्थी होते आणि उच्च शिक्षणात ४.३३ कोटी, एकूण ३०.८५ कोटी. लोकसंख्या १३७ कोटी धरली तर शंभरांमागे साडेबावीस. त्या वर्षीचा जीडीपी सुमारे २३६ लाख कोटी रुपये, म्हणजे माणशी सुमारे १ लाख ७२ हजार. अरुंद व्याख्येने २.९ टक्के धरले तर विद्यार्थ्यामागे वर्षाला सुमारे २२ हजार रुपये येतात. रुंद व्याख्येने ४.४ टक्के धरले तर सुमारे ३३ हजार ६००. अकरा-साडेअकरा हजारांचा हा फरक केवळ रेषा कोठे ओढली यातून येतो. शिवाय शालेय विद्यार्थ्यांपैकी सरकारी शाळांत सुमारे ५४ टक्केच आहेत. सरकारी पैसा प्रामुख्याने सरकारी व अनुदानित शाळांवर जात असल्याने तेथील मुलामागची खरी रक्कम या सरासरीहून जास्त असते, आणि विनाअनुदानित शाळेतील मुलाचा भार घर उचलते.

सर म्हणाले, “हा रकाना सर्वांत मोठ्या अक्षरात हवा.” त्यांचे म्हणणे मान्य झाले. टक्केवारीचा रकाना त्याच्या डावीकडे, लहान अक्षरात.

१४ जुलै

देशादेशांतली रक्कम डॉलरमध्ये मांडायची की नाही यावर थोडी चर्चा झाली. शाळेच्या चालू खर्चातला फार मोठा भाग पगाराचा असतो, आणि पगार त्या त्या देशाच्या राहणीमानावर ठरतो. बाजारातल्या विनिमयदराने रुपयांचे डॉलर केले तर गरीब देशातला शिक्षक फुकट काम करतो असे चित्र उभे राहते. क्रयशक्तीच्या दराने, म्हणजे त्या पैशात तिथे काय विकत मिळते ते पाहून, रूपांतर केले की चित्र बरेच सुधारते, तरी पूर्ण नाही. दरडोई उत्पन्नाशी ताडलेला रकाना ही अडचण बऱ्याच अंशी टाळतो. डॉलरचा रकाना काढून टाकला.

२१ जुलै

पाऊस असूनही खानापूरच्या पश्चिमेकडील एका गावातील एसडीएमसीचे अध्यक्ष आवर्जून आले. कच्चा तक्ता त्यांनी बराच वेळ पाहिला आणि विचारले, “सर, आमच्या शाळेत चौदा पोरं आणि दोन मास्तर. मग आमच्यावर सरकारचा खर्च जास्त की कमी?”

प्रश्न इतका नेमका होता की त्यासाठी पुस्तिकेत एक पान राखून ठेवले. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक लागतात. चौदा मुलांची शाळा आणि साठ मुलांची शाळा दोन्हीकडे दोनच पगार जातात, म्हणून मुलामागचा पगारखर्च पहिल्या शाळेत दुसरीच्या चौपटीहून अधिक दिसतो. परंतु त्या चौदा मुलांना एका खोलीत तीन-चार इयत्ता मिळून बसावे लागते. त्यांना प्रत्यक्षात मिळणारे अध्यापन चौपट होत नाही, उलट प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला शिक्षकाचा वेळ कमीच येतो. हा लहानपणाचा आणि विखुरलेपणाचा खर्च आहे. पॅसिफिक महासागरातील किरिबाटीची लोकसंख्या कितीतरी बेटांवर पसरलेली आहे आणि तिचा शिक्षणखर्च जीडीपीच्या दहा टक्क्यांच्याही वर जातो. जगाच्या यादीत असे छोटे द्वीपदेश वरच्या ओळींत दिसण्यामागे परदेशी मदतीबरोबर हेही मोठे कारण आहे. त्यांना शिक्षणात जगात पहिले म्हणणे जितके चुकीचे, तितकेच कमी पटाच्या वाडीवरच्या शाळेला उधळपट्टी म्हणणे चुकीचे.

मुलामागचा खर्च खाली आणण्याचे दोन सोपे मार्ग कोणत्याही प्रशासनाला दिसतात: शाळा एकत्र करणे, आणि रिक्त जागी कायम शिक्षकाऐवजी मानधनावर अतिथी शिक्षक नेमणे. दोन्हींनी कोष्टक चांगले दिसते. सीमाभागातील मराठी शाळांचा पट घटत असताना पहिल्या मार्गाचा अर्थ आपल्या मुलांसाठी काय होतो, हे इथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. जंगलातली वाट, ओढा आणि पाऊस ओलांडून पुढच्या गावी जाण्याऐवजी सातव्या-आठव्या वर्षीच मूल घरी राहू लागते. म्हणून आमच्या तक्त्यात मुलामागचा खर्च हा चांगल्या-वाईटाचा निवाडा म्हणून मांडलेला नाही, आणि पुस्तिकेत तसे स्पष्ट लिहिले आहे.

२८ जुलै

अध्यक्षांचा दुसरा प्रश्न राहून गेला होता: महाराष्ट्र आपल्या मुलांवर जास्त खर्च करतो की कर्नाटक? राज्य उत्पन्नाच्या टक्केवारीने याचे उत्तर देणे आम्ही नाकारले. कर्नाटकाच्या उत्पन्नातला एक तृतीयांशाहून अधिक भाग एकट्या बेंगळुरू शहर जिल्ह्यातून येतो, आणि महाराष्ट्राच्या छेदात मुंबई तशीच बसलेली आहे. बेंगळुरूतील सॉफ्टवेअर निर्यात वाढली की कर्नाटकाची शिक्षण-टक्केवारी घसरते, बेळगाव जिल्ह्यातील एकाही शाळेचा खर्च कमी न होता. दुसरीकडे बिहारची टक्केवारी या दोन्ही राज्यांपेक्षा बरीच जास्त असते, कारण तेथे उत्पन्न राष्ट्रीय सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आणि मुले अधिक. तरीही तेथील मुलाच्या वाट्याला रक्कम कमीच येते. राज्यांचा तक्ता वेगळा करावा लागेल, आणि तो रुपयांत व मुलामागे करावा लागेल. कर्नाटकातील प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या नंजुंडप्पा समितीने २००२ मध्ये तालुका हे एकक धरून ११४ तालुके मागास ठरवले होते. तालुक्यापर्यंत उतरण्याची ती पद्धत आपणही वापरावी असे मला वाटते.

४ ऑगस्ट

‘जास्त खर्च केला की मुले जास्त शिकतात का’ हा प्रश्न वाचणारा विचारणारच, म्हणून तीन देश निवडले. व्हिएतनामने २०१२ च्या पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांसाठीच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत गणितात ५११ गुण मिळवले. ओईसीडीची सरासरी ४९४ होती आणि अमेरिका ४८१ वर होती. हे यश खरे आहे, पण पंधरा वर्षांच्या मुलांपैकी जेमतेम ५६ टक्केच त्या चाचणीच्या कक्षेत होती, बाकीची शाळेबाहेर किंवा मागच्या इयत्तांत होती, हेही त्याच ओळीत लिहिले पाहिजे. ब्राझील जीडीपीच्या सहा टक्क्यांच्या आसपास खर्च करूनही पिसामध्ये खालच्या गटात राहतो. क्युबाचा आकडा २०१० च्या सुमारास बारा टक्क्यांच्या वर होता. परंतु तेथे पगार आणि किमती सरकार ठरवत असल्याने त्याची इतरांशी तुलना करताना हात आखडता घ्यावा लागतो.

पैशाशिवाय शाळा चालत नाही आणि पैसा कशावर गेला हे न पाहता तो पुरेसा होता की नाही ते सांगता येत नाही. याहून मोठा निष्कर्ष या आकड्यांतून काढू नये, असे मी आग्रहाने सांगितले.

११ ऑगस्ट

आज सरकारच्या एकूण खर्चातील शिक्षणाचा वाटा हा रकाना भरला. मे २०१५ मध्ये दक्षिण कोरियातील इंचिऑन येथे झालेल्या परिषदेनंतरच्या जागतिक आराखड्यात देशांना जीडीपीच्या ४ ते ६ टक्के किंवा सरकारी खर्चाच्या १५ ते २० टक्के शिक्षणाला द्यावेत असे सुचवले आहे. इंडोनेशियाने २००२ च्या घटनादुरुस्तीने अर्थसंकल्पाचे वीस टक्के बांधून टाकले, व्हिएतनामने कायद्याने तेवढेच, आणि ब्राझीलच्या १९८८ च्या घटनेने राज्ये व नगरपालिकांना करउत्पन्नाच्या पंचवीस टक्क्यांचे बंधन घातले.

येथेच २०२० च्या धोरणातील एक विसंगती काकांच्या नजरेस आली. त्या धोरणाच्या एकाच वाक्यात खर्च जीडीपीच्या ४.४३ टक्के आणि सरकारी खर्चाच्या सुमारे दहा टक्के असल्याचे म्हटले आहे. भारतात केंद्र व राज्यांचा मिळून सरकारी खर्च जीडीपीच्या सुमारे २८ टक्के असतो. त्याचे दहा टक्के म्हणजे २.८, म्हणजेच आर्थिक सर्वेक्षणाचा आकडा. ४.४३ खरे मानले तर वाटा दहा नव्हे, सोळा टक्क्यांच्या जवळ जातो. दोन व्याख्या एकाच वाक्यात शेजारी बसल्या आहेत, आणि ते वाक्य देशभर उद्धृत होत आले आहे.

फ्रान्समध्ये सरकारी खर्च जीडीपीच्या निम्म्याहून अधिक असतो, म्हणून तेथे त्यातला साधारण दहावा हिस्सा दिला तरी शिक्षणाला पाच टक्क्यांच्या वर मिळतात. भारताला सहा टक्के गाठायचे तर २८ पैकी सहा, म्हणजे सरकारच्या प्रत्येक शंभर रुपयांतले एकवीस रुपये शिक्षणाला द्यावे लागतील, किंवा करउत्पन्न वाढवावे लागेल. ही मागणी अवास्तव आहे असे मी म्हणत नाही. इंडोनेशियाने आणि व्हिएतनामने ती कायद्यात लिहिली. पण मागणी करणाऱ्याने एकवीस हा आकडाही सहाच्या जोडीने बोलावा.

१८ ऑगस्ट

खाजगी खर्चाबद्दल एकच परिच्छेद घातला. दक्षिण कोरियात २०२३ मध्ये पालकांनी शिकवण्यांवर सुमारे २७ लाख कोटी वॉन खर्च केले. युनेस्कोच्या सरकारी खर्चाच्या रकान्यात यातला एकही वॉन नसतो. आपल्याकडील शिकवणी, बसभाडे आणि विनाअनुदानित शाळेची फी यांचेही तसेच.

२५ ऑगस्ट

तक्त्याचा मसुदा छापखान्यात देण्यासाठी पूर्ण केला. वीस देश, सहा रकाने: देश, वर्ष, जीडीपीशी टक्केवारी, सरकारी खर्चातील वाटा, शंभर लोकांमागे शिकणारे, आणि मोठ्या अक्षरांत विद्यार्थ्यामागचा खर्च दरडोई उत्पन्नाच्या टक्केवारीत. आयर्लंड, लक्झेंबर्ग आणि किरिबाटी यांच्या ओळींना तळटीप आहे. नायजेरियाचे जुने आकडे घेतलेले नाहीत.

सगळ्यांत खाली एक ओळ कोरी ठेवली आहे. ती प्रत्येक शाळेने स्वतः भरायची: पट, मंजूर शिक्षक, हजर असलेले कायम शिक्षक, अतिथी शिक्षक, आणि वर्षभरात शाळेला मिळालेले अनुदान. पट ३० सप्टेंबरचा धरावा, म्हणजे तो यू-डायसच्या आकड्याशी ताडून पाहता येईल. अनुदानाची रक्कम एसडीएमसीच्या बँक पासबुकातून घ्यावी. भरलेल्या ओळी ऑक्टोबरच्या सुट्टीनंतर गोळा करायच्या आणि त्यांतून खानापूर, बेळगाव व निपाणी तालुक्यांचा मुलामागे रुपयांत केलेला तक्ता मांडायला घ्यायचा.